नजीरभाईंचं जुनं व्हर्जन

आमच्या वडवणीत माणूस जन्मभर बनियनवर हिंडला तरी मेल्यावर कोटात जातो. ही सगळी नजीरभाईंची मेहेरबानी. निळा कोट, पांढरी कॉलर, लाल टाय. दहाव्याच्या बोर्डावर तोच कोट, वर्षश्राद्धाच्या फोटोत तोच कोट. आमच्या गल्लीतले किसनतात्या वारले. त्यांनी आयुष्यात कधी शर्टाची वरची गुंडी लावली नव्हती, आणि फोटोत बघावं तर तात्या एकदम बँकेचे मॅनेजर! त्यांची बायको हार घालायला पुढं झाली आणि तिथंच थबकली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कुसुम, ह्यांना आता साहेब म्हणावं लागंल का गं?"

तर असे हे नजीरभाई. बाजारतळाच्या वाटेवर त्यांचा गुलशन फोटो स्टुडिओ आहे, आणि त्याला लागूनच माझं पिको-फॉलचं दुकान. मधी फक्त एक पत्रा. ते तिकडं शिंकले की मी इकडं दोऱ्याचं टोक चुकते. त्यामुळं त्यांच्याविषयी जेवढं मला ठाऊक आहे तेवढं त्यांना स्वतःलासुद्धा नसंल.

माणूस बारीक, दाढी पांढरी, चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच. "गौर करतो." चहा घेता का? गौर करतो. पाऊस येईल का हो? गौर करावा लागंल. एकदा त्यांच्या दुकानाच्या पाटीला वायर चिकटून धूर निघाला. मी पत्रा बडवून ओरडले, "नजीरभाई, जळतंय हो!" आतून आवाज आला, "गौर करतो, वहिनी."

आता ज्या माणसाला चहाचासुद्धा एवढा विचार करावा लागतो, त्याच्यापुढं फोटोच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन घ्यायचं का नाही, असा सवाल आला. विचार करा काय झालं असंल!

आधी त्यांचं जुनं व्हर्जन कसं आहे ते सांगते. ते कंप्युटरवर सुरू होणं म्हणजे एक सोहळाच. आधी पंखा बंद. मग गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचं आणि सांगायचं, "टेबलाला हात लावू नका." मग बिस्मिल्ला म्हणून बटण दाबायचं आणि दोघांनी मिळून पडद्याकडं बघत बसायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक चहा पिऊन येतं, शेजारी दाढी करून येतं. एक नवरदेव पासपोर्ट फोटोला आला होता. दाढी करून परत आला तर नजीरभाई म्हणाले, "आता तू येगळा दिसतोस. परत काढावा लागंल."

पण एकदा का ते सुरू झालं की नजीरभाईंचा हात असा चालायचा, जसा काज करताना माझा. आणि त्यांचं खरं काम म्हणजे जोडकाम. आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. मग लेकराचा वाढदिवस आला की म्हातारी नजीरभाईंकडं येणार. "लेकरू हितं हाय, मायबाप कारखान्यावर हायेत, पण फोटोत सगळे एका जागी पाहिजेत." तिकडून फडातला फोटो फोनवर यायचा, आणि नजीरभाई मायबापांना उचलून केकच्या मागं उभं करायचे.

एकदा तर गंमतच झाली. फडातल्या फोटोत आईच्या हातात कोयता होता. नजीरभाईंना वाटलं, वाढदिवसाला कोयता बरा दिसत नाही. त्यांनी गौर केला, कोयता काढला आणि तिच्या हातात गुलाबाचा गुच्छ दिला. म्हातारी फोटो घेऊन गेली आणि घडीभरात परत आली.

"नजीरभाई, हे काय केलंत? पोरगं म्हणतंय ही माझी आई न्हाई, ही शाळेतली मॅडम हाय."

"मग काय करू?"

"ती फुलं काढा अन् कोयता लावा."

कोयता परत लावला. पोरगं गप्प झालं. तेव्हापासून नजीरभाई न विचारता कुणाच्या हातातलं काही काढत नाहीत.

दुसरं काम पुढाऱ्यांच्या फ्लेक्सचं. त्यात आमचे बंडूभाऊ म्हणजे नजीरभाईंचं हक्काचं गिऱ्हाईक. बंडूभाऊ आधी भावी नगरसेवक होते. मग निवडून न येताच भावी नगराध्यक्ष झाले. हल्ली भावी आमदार आहेत. दर वाढदिवसाला भावी मोठं होत गेलं, भाऊ आहे तिथंच राहिले. आता बंडूभाऊंचं पोट हे असं, हात जोडले तर पोटावरच टेकणार. म्हणून नजीरभाईंनी त्यांना एक छान सडपातळ धड लावलं होतं. धड मूळचं आष्टीच्या एका नवरदेवाच्या मामाचं. त्यावर भाऊंचं डोकं. भाऊ खूश.

पुढं निवडणूक आली आणि भाऊंच्या विरोधात उभे राहिलेले शिवाअण्णाही नजीरभाईंकडंच आले. नजीरभाईंनी त्यांनाही सडपातळ केलं. आणि चौकात समोरासमोर दोन फ्लेक्स लागले. इकडं भाऊ, तिकडं अण्णा. अंगात तोच पांढरा शर्ट, खिशाला तोच पेन, मनगटावर तेच घड्याळ आणि घड्याळात तीच वेळ! दोन्हीकडची पोरं भांडत स्टुडिओत आली. "नजीरभाई, हे काय लावलंय तुमी?"

नजीरभाई शांतपणे म्हणाले, "पक्ष कोणता का असंना, धड एकच लागतंय. फक्त मुंडकं बदलावं लागतंय. तुमी जरा गौर करा."

पोरांनी गौर केला का नाही ठाऊक नाही, पण निवडणुकीत दोघंही पडले.

तर हे असं सगळं सुखात चाललं होतं. तेवढ्यात बसस्टँडजवळ एक नवीन दुकान निघालं. आत एसी, बाहेर काच, आणि कंप्युटरमध्ये अगदी नवीन व्हर्जन. तिथं म्हणे एक बटण दाबलं की फोटोतली मागची माणसं गायब होतात. दुसरं दाबलं की मिटलेले डोळे उघडतात. तिसरं दाबलं की माणूस हसतो. आमच्या गल्लीतल्या एकानं आपल्या वडिलांचा फोटो तिथं करून आणला. त्या माणसाला कुणी जन्मात हसताना बघितलं नव्हतं. दहाव्याच्या बोर्डावर बत्तीशी काढून उभा! बघायला आलेली भावकी म्हणाली, "मरताना बराच खूश दिसतोय."

पण लोकांना ते आवडायला लागलं. नजीरभाईंच्या बाकावरचं गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. दाढी करून यायची सवड आता कुणाला आहे? मी पत्र्याच्या अलीकडून ऐकायची. सकाळपासून दुपारपर्यंत कुणाचा आवाज नाही. एक दिवस मी सरळच सांगितलं, "नजीरभाई, नवीन व्हर्जन घ्या. न्हाईतर दुकान बंद पडंल."

"गौर करतोय, वहिनी."

आणि खरंच त्यांनी गौर सुरू केला. पोरीसाठी स्थळ बघावं तसा त्या व्हर्जनचा तपास लावला. न्हाव्याला विचारलं. कंडक्टरला विचारलं. बीडहून कंप्युटरवाला आला, त्याला समोर बसवून असे सवाल, की तो घामाघूम.

"राहणार कुठं म्हणता हे?"

"तुमच्या कंप्युटरातच राहील, चाचा."

"कायमचं?"

"न्हाई, दर महिन्याला पैसे भरायचे. भरले न्हाई की बंद."

"म्हणजे भाडेकरू हाय."

"तसं न्हाई चाचा, भाडेकरू तुमी."

नजीरभाईंनी टेबलावर हात टेकला. "माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर, मी भाडेकरू?"

मग म्हणे त्याला पासवर्ड लागतो. "म्हणजे माझंच दुकान उघडाया मी कुणाला तरी परवानगी मागायची." मग म्हणे सगळी बटणं जागा बदलून बसलीत. "घरातलं मीठ रातीतून कुणी उचलून दुसऱ्या फळीवर ठेवलं तर तुमी काय कराल, वहिनी?" मग म्हणे त्याला इंटरनेट लागतं, आणि आपल्याकडं नेटचा काही भरवसा नाही.

इथं मात्र मी त्यांना धरलं. "नेट न्हाई काय म्हणता? रुबीनासाठी तर तुमचं नेट कायम चालू असतंय."

"ते येगळं," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

रुबीना म्हणजे त्यांची एकुलती लेक. आई लवकर गेली, त्यामुळं पोरगी ह्या स्टुडिओतच वाढली. बाकावर अभ्यास, बाकावरच झोप. कॉलेजात असताना तिनंच हे जुनं व्हर्जन आणून कंप्युटरात घातलं आणि बापाला माऊस धरायला शिकवलं. आता लग्न होऊन पुण्याला असते, घरूनच नोकरीही करते. कंप्युटर अडला की नजीरभाई तिला फोन लावतात, आणि ती तिकडं बसून इथलं दुरुस्त करते. मला एवढंच ठाऊक होतं. डॉक्टरला दाखवावं तसलंच काहीतरी, असं मी धरून चालले होते.

मधी कंप्युटरवाल्यानं नवीन व्हर्जन काही दिवस फुकट वापरायला दिलं. बाजारात शेंगा आधी खाऊन बघतात तसं. नजीरभाईंनी पहिला प्रयोग माझ्यावर केला. माझा फोटो काढला, एक बटण दाबलं आणि मला हाक मारली. पडद्यावर एक गोरीपान बाई. गाल तुकतुकीत, कपाळावर एक आठी नाही, गळ्यात माझीच माळ.

"वहिनी, ह्या बाईला तुमी वळखता का?"

"न्हाई बाई."

"मी पण न्हाई वळखत. मग फोटोचे पैसे कुणाकडनं घ्यायचे?"

माझी सून मात्र म्हणाली, आत्या, हाच फोटो लावा. ती बाई तिला जास्त आवडली असणार.

फुकटची मुदत संपली, नवीन व्हर्जन बंद झालं आणि नजीरभाई पुन्हा पंखा बंद करून, बिस्मिल्ला म्हणून, जुन्यापुढं बसले. गिऱ्हाईक आणखी कमी झालं. उरलं कोण, तर बंडूभाऊ. मी म्हणायची, भाऊ गेले की गुलशनला कुलूप.

आणि नेमका भाऊंचा वाढदिवस आला. ह्या वेळी भाऊंना साधा फ्लेक्स नको होता. परळीच्या रस्त्याला नातेवाइकाची दोन मजली इमारत आहे, तिच्या अख्ख्या भिंतीएवढा पाहिजे होता. वर ढगातून दिल्लीचे नेते, खाली कार्यकर्त्यांची पन्नासेक डोकी, मधोमध भाऊ. भाऊ स्वतः दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "नजीरभाई, संध्याकाळपर्यंत झालं तर ठीक. न्हाईतर पोरं म्हणत्यात बसस्टँडवर द्या. तिथं चहा प्यायच्या आत होतंय."

भाऊ गेले. दुपारी मला पलीकडून काहीच ऐकू येईना म्हणून मी चहा घेऊन गेले. नजीरभाई खुर्चीत ताठ बसलेले. पडद्यावर भाऊंचं अर्धं डोकं. बाकी सगळं पांढरं. कंप्युटर अडला होता.

"एवढं मोठं चित्र त्याला पेलंना, वहिनी. म्हातारं झालंय ते."

"मग फोन लावा की रुबीनाला!"

फोन लावलेलाच होता. टेबलावर पडलेल्या फोनमधून रुबीनाचा आवाज आला. बापलेक आपसात त्यांच्या बोलीत बोलतात, मी आपली मराठीतच सांगते. ती म्हणाली, "अब्बू, माऊसवरचा हात काढा. मी येते."

नजीरभाईंनी हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, लहान मूल शाळेत बसतं तसे. आणि काय सांगू, पडद्यावरचा तो बारका पांढरा बाण आपोआप हलला! टेबलाला कुणाचा हात नाही आणि बाण आपला हळूहळू वर निघालाय.

नजीरभाई माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "आली बघा."

घरात पाहुणं माणूस आल्यावर म्हणतात ना, तसं.

मग तो बाण कामाला लागला. हे मिटव, ते उघड. आणि बापलेकीचं बोलणं सुरू. आज काय केलंस गं? मेथी. लेकरू काय करतंय? झोपलंय. पावसाची काय खबर? सासूचा गुडघा कसाय? बाण मधी थांबायचा, की समजायचं पोरगी हसतेय. नजीरभाईंची नजर त्या बाणावरून हटत नव्हती. बाण डावीकडं गेला की मान डावीकडं, खाली आला की मान खाली. पोरगी खोलीतनं हिंडतेय आणि बाप बघत बसलाय, असंच वाटावं. चहा गार झाला. मी बाकावर टेकले. रोज चारच्या सुमाराला पलीकडून बोलणं ऐकू यायचं, ते मला एकेक करून आठवायला लागलं. म्हणजे रोज? म्हणजे हे यंत्र रोज अडायचं?

शेवटी रुबीनानं त्या भिंतीएवढ्या चित्राचे दोन भाग केले, वरचा वेगळा आणि खालचा वेगळा. छापणाऱ्यानं ते जोडून घ्यायचे. भाऊंच्या नाकाखालून सांधा गेला, पण मिश्यांमुळं तो कुणाला दिसला नाही. काम वेळेत झालं. दुकान वाचलं.

फोन ठेवायच्या आधी रुबीना म्हणाली, "अब्बू, आता बास झालं. असं किती दिवस चालवायचं? मी नवीन व्हर्जन घेतलंय तुमच्यासाठी. पैसे दर महिन्याला माझ्याकडून जातील. रविवारी इथूनच घालून देते. मग सारखं सारखं मला फोन करायची गरजच पडणार नाही तुम्हाला."

पोरीनं अगदी मायेनं सांगितलं. तिचं काय चुकलं? नोकरी, घर, लेकरू, त्यात बापाच्या दुकानाचा घोर.

मी वाट बघितली, की आता हे म्हणणार, गौर करतो. ते नाही म्हणाले. म्हणाले, "बरं, बेटा."

रविवारी नवीन व्हर्जन आलं. आणि काय सांगू, सगळं झकास चाललं. पंखा चालू असतानाही उघडतंय. कोट आला, टाय आला, आष्टीच्या मामाचं धडही जसंच्या तसं आलं. नजीरभाईंनी ते हसवायचं बटण तेवढं वापरलं नाही, बाकी सगळं वापरायला लागले. बाकावर पुन्हा माणसं दिसायला लागली. बंडूभाऊ तर म्हणाले, पुढच्या वाढदिवसाला मला घोड्यावर बसवा. मला वाटलं, चला, सुटलं गाडं एकदाचं.

पण चार वाजले की पत्र्यापलीकडं शांतता. आणि नजीरभाई माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणं लावायचे, परत मोडायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, तुमी पायाच्या मशीनला मोटर बसवली. बरं वाटतंय का?"

"बरं वाटतंय की. पाय वाचले."

"हां." "हे नवीन व्हर्जन, वहिनी. हे बिघडतच न्हाई."

"मग चांगलंच की हो!"

"हां. चांगलंच हाय."

"मग तसाच फोन लावा की पोरीला. त्याला काय निमित्त लागतंय?"

"ती कामात असती, वहिनी. नुसतंच काय म्हणून फोन लावायचा? काही इचाराया पाहिजे ना." आणि हिरवं रीळ लाल रिळांत ठेवून उठून गेले.

मग परवाची गोष्ट. दुपारी मी एका शालूला फॉल लावत होते. पलीकडून नजीरभाईंचा आवाज आला, चांगला मोठ्यानं. "बेटा, हे तुझं नवीन लई बेकार हाय! फोटोच उघडंना! गिऱ्हाईक खोळंबलंय!"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. आता हेही बिघडलं का काय, म्हणून मी पळत गेले. बघते तर दुकानात गिऱ्हाईक कुणी नाही. पडद्यावर एका लेकराचा फोटो, टोपी घालून केकपाशी बसलेलं, चांगला लख्ख उघडलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात नजीरभाईंनी ओठावर बोट ठेवलं.

फोनमधून आवाज आला, "हात काढा अब्बू, मी येते."

त्यांनी हात मांडीवर घेतले. बाण आला. वरच्या कोपऱ्यातून खाली उतरला, त्या लेकराच्या टोपीवर गेला आणि तिथंच थांबला. पोरीला तिकडं सगळं दिसत होतं. फोटो उघडलाय, काही अडलेलं नाही, सगळं चालू आहे. नजीरभाईंनी नजर खाली वळवली. चोरी सापडल्यावर माणूस पायाचा अंगठा बघतो तसे बसून राहिले.

मग बाण हळूच हलला. एक बटण उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. काही कामाचं नव्हतं त्यात.

"हो, अब्बू," रुबीना म्हणाली. "बरंच बिघडलंय हो. वेळ लागेल. जेवलात का तुम्ही?"

"जेवलो. तू?"

"आता बसते. बोलत राहा तुम्ही, मी बघते इकडून." बाण त्या लेकराच्या फोटोभोवती एक चक्कर मारून आला. "आणि हे एका दिवसाचं काम नाही, अब्बू. उद्या पण बघावं लागेल."